अंगावरून पांढरं जायलंय म्हणून पिशवी काढू नका

आमच्या बीडकडं बायका हा विषय मोठ्यानं काढतच नाहीत, शेंगा फोडत बसल्या की हळूच "अंगावरून जायलंय गं" म्हणतात आणि लगेच कुणीतरी उष्णता झाली, हाडं झिजायलीत म्हणून धने-जिऱ्याचं पाणी सांगतं. परवा जाऊबाईंचं तसंच, खाजेनं रात्र रात्र झोप नाही आणि उपाय काय तर रोज आतून साबणानं धुणं!

पाळीच्या वयात थोडं पांढरं, बिनवासाचं, खाज नसलेलं जाणं नॉर्मलच आहे. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, ते ॲसिड तयार करतात, पीएच (आंबटपणाचं माप) साधारण ३.८ ते ४.५ राहतो, म्हणून वाईट जंतू वाढत नाहीत. आतून साबण, जंतुनाशक लावलं की हे चांगलेच जंतू कमी होतात, मग पातळ राखाडी स्राव आणि माशासारखा वास. हे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, या वयात सगळ्यात जास्त दिसणारं. वास येतो म्हणून बाई अजून धुते आणि त्रास अजून वाढतो.

दह्यासारखं घट्ट आणि भयंकर खाज असली तर बहुतेक कॅन्डिडा, म्हणजे बुरशी. अँटिबायोटिक घेतल्यावर, गरोदरपणात, शुगर वाढली की होते. जाऊबाईंनी दाढ दुखते म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या होत्या, त्यानंतरच सुरू झालं. सारखं सारखं होत असेल तर शुगर तपासाच.

पिवळं-हिरवं, फेसाळ जात असेल तर ट्रायकोमोनास नावाचा जंतू असू शकतो, तो संबंधातून येतो. इथं नवऱ्यालाही औषध लागतंच, पण नवरा म्हणतो मला कुठं काय झालंय, कारण पुरुषाला बऱ्याचदा काही जाणवतच नाही, आणि बाई बरी होऊन परत आजारी.

बुरशीचं औषध वेगळं आणि बाकी दोन्हींचं वेगळं, म्हणून शेजारणीची ट्यूब लावू नका, तपासून घ्या.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो ऊसतोडीच्या बायकांचा विचार करून. फडात ना पाणी ना संडास, त्यात पांढरं जायलंय, पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं की "पिशवी काढा". २०१९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात ८२ हजार बायकांचा सर्व्हे झाला, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. अहो, योनीतलं इन्फेक्शन गोळ्यांनी बरं होतं! सरकारी जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक (असली इन्फेक्शनं तपासायचा विभाग) असतं, तिथं तपासणी आणि औषध फुकट मिळतं. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे किंवा दिवस गेलेत, तर मात्र त्याच दिवशी जा.