आमची वाटचाल: खतापेक्षा वर्गीकरण आधी

गृहसंकुलांतल्या ओल्या कचऱ्याचं आवारातच खत करून देणं, हा आमचा व्यवसाय. २०१६ चे घनकचरा व्यवस्थापन नियम आले आणि कामाला गती मिळाली. रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या ठिकाणांवर आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांवर त्यांनी ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवण्याची जबाबदारी टाकली.

तेव्हा फोन यायचे ते मशीनसाठी. ‘महापालिकेची नोटीस आलीय, लवकर बसवून द्या.’ आम्ही आधी कचऱ्याचे डबे उघडून बघायचो. ओल्यात डायपर आणि दुधाच्या पिशव्या असतील, तर कितीही महागडं मशीन खत देत नाही. काही सोसायट्यांची कामं आम्ही एवढ्याच कारणाने सोडली आणि त्याचं वाईट वाटत नाही.

खत चालतं ते सफाईच्या ताईंच्या हातावर. मूठभर मिश्रण घट्ट दाबलं की बोटांतून जेमतेम एखादा थेंब यावा. धार लागली तर भुसा किंवा वाळका पाला घालायचा. काही दिवसांत ढीग ५५ ते ६० अंशांपर्यंत तापला पाहिजे. तापला नाही तर ओल जास्त, नाहीतर हवा कमी. वास सुटला की रहिवासी तक्रार करतात आणि पुढच्या सभेत प्रकल्प बंदचा ठराव येतो. म्हणून या ताईंचं प्रशिक्षण, हातमोजे आणि वेळेवर पगार आम्ही करारातच लिहून घेतो.

लोकांनी करायचं ते केलं, तरी प्रशासनाची साथ लागतेच. एका ठिकाणी रहिवाशांनी नेमाने वेगळा केलेला कचरा गाडीवाल्यांनी त्यांच्यादेखत एकत्र ओतला. वर्गीकरण तिथेच बंद पडलं. याउलट जिथे आरोग्य निरीक्षक नोटीस देऊन थांबत नाहीत, पुन्हा फेरी मारतात आणि मिश्र कचरा उचलायला नकार देतात, तिथे आमचं अर्धं काम आपोआप होतं. मालमत्ता करात सवलत मिळाली, तर तेवढाच हुरूप वाढतो.

सुक्या कचऱ्यासाठी आम्ही कचरावेचकांनाच जोडून घेतो. त्यांना सामावून घ्या, असं नियमही सांगतात. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने दारोदारचं संकलन करून दाखवलं आहे. भंगाराचे पैसे वेचकांचेच, ही अट आम्ही प्रत्येक सोसायटीला पहिल्याच बैठकीत सांगतो.

आता उरलेलं खत महापालिकेच्या उद्यानांनी घ्यावं, यासाठी आमचा पाठपुरावा सुरू आहे.