आरएसचं हेड उतरवावं लागलं तेव्हा

मोहोळ मागे पडलं आणि टेंपरेचरचा काटा नव्वदवरून हलला. धूर नाही, आवाज नाही, दिवाही लागला नाही. एप्रिलमधली भर दुपार, एसी चालू, माझी ऑक्टाव्हिया आरएस घेऊन पुण्याहून सोलापूरला घरी परतत होतो. सावळेश्वरचा टोलनाका आता येईलच, तिथे सावलीला थांबू, म्हणून मी गाडी तशीच ओढली. ती सात-आठ मिनिटं मला पुढे फार महाग पडली.

या गाड्यांचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पाण्याचं तापमान साधारण पंच्याहत्तर ते एकशे पाचच्या आत कुठेही असलं तरी काटा नव्वदवरच उभा असतो. त्यामुळे तो नव्वदच्या पुढे सरकला म्हणजे गाडी ‘गरम व्हायला लागली’ असं नव्हे, ती आधीच पुरती तापलेली असते. काटा हलताक्षणी बाजूला घ्यायची, एसी बंद करायचा, इंजिन बंद करायचं आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही.

गाडी २००५ ची. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, एका सिलिंडरला पाच म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह, १५० बीएचपी. मी तिसरा मालक. सोलापुरात असं इंजिन रोज उघडणारे हात फार नाहीत, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली. जवळ पडतं म्हणून एका गॅरेजात नेली. त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, लीक बंद करायची पावडर पाण्यात ओतली आणि गाडी ताब्यात दिली. आठवडाभरात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, पुन्हा खाली. गाडीखाली एक थेंब नाही, पण सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन तीन सिलिंडरवर अडखळायचं आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ यायची. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज, म्हणजे पाण्याचा रबरी पाइप, सकाळीसुद्धा दगडासारखा कडक. पाणी बाहेर सांडत नाही आणि तरीही कमी होतंय, म्हणजे ते इंजिनच पितंय.

मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका वस्तादांकडे गेलो. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. कूलंटच्या टाकीच्या तोंडावर काचेची नळी बसवली, तिच्यात निळं द्रावण घातलं आणि इंजिन चालू ठेवलं. जळलेला वायू पाण्यात मिसळत असेल तर ते द्रावण पिवळं होतं. आमचं दोन मिनिटांत झालं. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, मोजला. पहिला आणि चौथा सिलिंडर अकरा बारच्या आसपास, दुसरा सहा, तिसरा साडेसहा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले, की बहुतेक वेळा त्यांच्या मधली गॅसकेटची पट्टी गेलेली असते. गॅसकेट म्हणजे सिलिंडरांचा ब्लॉक आणि त्याच्यावर झाकणासारखं बसणारं हेड यांच्यात दाबलेलं सील. वस्ताद म्हणाले, “साहेब, हेड काढायलाच लागतंय. आणि काढलं की निम्म्यात थांबायचं नाही. पटत असंल तरच हात लावतो.”

मी हो म्हटलं.

हेड उतरवायला अडीच दिवस गेले, त्यातला मोठा वेळ मागच्या बाजूला खुपसलेल्या टर्बोचे गंजलेले स्टड सोडवण्यात. हेडचे दहा बोल्ट मात्र वस्तादांनी इंजिन पूर्ण थंड असताना, टोकाकडून मध्याकडे, थोडे थोडे करत सैल केले. एका बाजूने भराभर सोडले तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं.

जुनं गॅसकेट हातात आलं तेव्हा खरी गोष्ट कळली. कुणीतरी हे इंजिन आधी उघडलेलं होतं. गॅसकेट स्वस्तातलं, तंतूंच्या पत्र्याचं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना लाल सिलिकॉन थापलेलं. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरमधली करंगळीपेक्षाही अरुंद पट्टी कोळशासारखी काळी पडली होती. तिच्या मधोमध नखाएवढी जागा पार खाल्लेली, आणि तिथून बाजूच्या पाण्याच्या भोकापर्यंत गंजाची बारीक तपकिरी रेघ गेलेली. आग कुठून कुठे गेली ते त्या रेघेवर सरळ वाचता येत होतं. बोल्टही जुनेच परत आवळलेले होते. हे बोल्ट ताणले जाऊनच पकड देतात; एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही.

आता गॅसकेट निवडायचं होतं आणि सल्ल्यांना तोटा नव्हता. पार्टवाल्याने पुन्हा तसलंच दाखवलं, बाराशे रुपयांत. पुण्यातला एक मित्र तांब्याच्या पत्र्याचं घे म्हणून मागे लागला, कारण पुढे-मागे बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवायचा विचार मी त्याच्याजवळ बोललो होतो. तिसरा पर्याय बहुपदरी स्टीलचा: स्प्रिंगसारखे उठाव असलेले पातळ पत्रे एकावर एक, बाहेरून रबराचा पातळ लेप.

मी दोन दिवस यात घातले आणि तो वेळ सत्कारणी लागला असं मला वाटतं. तांब्याचं गॅसकेट शर्यतीच्या इंजिनाला ठीक. तिथे सिलिंडरच्या कडेला खाच पाडून तारेचं कडं बसवतात आणि इंजिन वारंवार उघडतात. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत ते पाणी झिरपू देतं. तंतूंचं गॅसकेट थोडा खडबडीत पृष्ठभाग सांभाळून घेतं, पण टर्बोच्या दाबापुढे आणि एकदा तापलेल्या इंजिनात फार टिकत नाही. आमचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन गरम-थंड होताना हेड ब्लॉकवर किंचित सरकतं. ती सरक आणि दाब दोन्ही पचवतं ते स्टीलचंच. जाड गॅसकेट घेऊन कॉम्प्रेशन कमी करायचा मोहही सोडला. बूस्ट मुळातलाच ठेवायचा तर जाडीही मुळातलीच हवी. एलरिंग कंपनीचं बहुपदरी गॅसकेट, नवे बोल्ट आणि सगळी सीलं मागवली. पुण्याहून चार दिवसांत पार्सल आलं.

स्टीलच्या गॅसकेटची एक अट असते: दोन्ही पृष्ठभाग सपाट आणि गुळगुळीत हवेत. हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून वस्तादांनी खाली फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पाती सरकवली. कडेला पाच शतांश मिलिमीटरचं पातंही जाईना. मधे, दुसऱ्या-तिसऱ्याच्या जागी, पंधरा शतांशाचं सहज गेलं. मर्यादा एक दशांश मिलिमीटरची. हेड फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्यायला, पाठवलं, आणि त्याआधी दाबाखाली पाण्यात धरून तडा नाही हे पाहून घेतलं. तडा असता तर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

फेसिंग होऊन आलं ते मला चकचकीत दिसलं. वस्तादांनी डोळे मिटून त्यावरून नख ओढलं आणि माझाही हात धरून ओढायला लावलं. नखाखाली बारीक करकर लागत होती, तवा घासताना लागते तशी. “तंतूवाल्याला चाललं असतं. ह्याला नाही चालायचं,” म्हणाले आणि हेड परत पाठवलं. लेथवाला कुरकुरला. दुसऱ्यांदा आलं तेव्हा नख निसटत गेलं. हेड सुटं होतं तेवढ्यात वीसही व्हॉल्व्हची सीलं बदलून घेतली.

ब्लॉक मात्र गाडीतच होता, त्यामुळे तो हातानेच साफ करायचा. जुनं सिलिकॉन काढायला मी ग्राइंडरची चकती सुचवली तर वस्तादांनी ती उचलून लांब ठेवली. चकतीचे कण तेलात उतरले तर बेअरिंगं खातात. ब्लेड, थिनर आणि चिंध्या घेऊन आम्ही दोघे एक अख्खी दुपार वाकून बसलो होतो. बोल्टची भोकं चिंधी पिळून घालून कोरडी केली, वर हवा मारली. भोकाच्या तळाशी पाणी किंवा तेल राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉक फोडू शकतं.

बसवताना सिलिकॉन कुठेही नाही, गॅसकेट कोरडं. पिस्टन मधल्या उंचीवर आणून ठेवले, म्हणजे व्हॉल्व्ह आदळणार नाहीत. बोल्ट मध्यापासून बाहेर. आधी ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या टॉर्क पान्याने, मग प्रत्येकाला नव्वद अंश, मग पुन्हा नव्वद. पहिला पाव फेरा सोपा गेला. दुसऱ्याला लांब पाइप लावून वस्ताद ओढत होते आणि पोरगा बोनेटवर भार देऊन उभा. प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाचा ठिपका, एकही राहू नये म्हणून.

पण गॅसकेट गेलं कशाने? ते शोधल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, यावर मी अडून बसलो. रेडिएटर कापून पाहिला तर निम्म्या नळ्या पांढऱ्या खराने भरलेल्या. वर्षानुवर्षं कुणीतरी कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत आलं होतं, आणि त्यात ती पावडर. आपल्याकडच्या बोअरचं पाणी घरच्या गीझरचं काय करतं ते आपण पाहतोच. शिवाय दोन फॅनपैकी एक बंद. नवा रेडिएटर, फॅनचं काम, टायमिंग बेल्ट आणि त्याच बेल्टवर चालणारा पाण्याचा पंप, हे सगळं त्याच वेळी केलं. गुलाबी कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं. एकूण ६४ हजार रुपये, त्यात गॅसकेट साडेचार हजारांचं.

स्टार्ट मारली तेव्हा हीटर पूर्ण उघडा ठेवला होता, हवा निघून जावी म्हणून. पहिली दहा मिनिटं सायलेन्सरमधून वाफ आली, आणि माझ्या पोटात गोळा. आत साठलेलं जुनं पाणी होतं, ते संपलं आणि वाफही थांबली. तेल लगेच बदललं, पाचशे किलोमीटरला पुन्हा.

टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवली आहे. रोज सकाळी गाडी थंड असताना बोनेट उघडतो, रेघ पाहतो, वरचा होज दोन बोटांनी दाबतो. मऊ लागतो. मे महिन्यात सात रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून पंधरा मिनिटं अडकलो, दोन्ही फॅन फिरताना ऐकत बसलो आणि काट्यावरून नजर काढली नाही. तो नव्वदवरच होता.