जुना तराजू घेताना पारडी शेवटी बघा

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे दांडीचा जुना तराजू दिसला, की बघणारा आधी पारड्यांना हात घालतो. पितळेची आहेत का, घासून चकाकतील का? पण पारडी कुठलीही बसवता येतात. तराजूचा जीव दांडीतल्या तीन पोलादी धारांत असतो. मधल्या धारेवर दांडी झुलते आणि टोकांच्या दोन धारांवर पारड्यांचे आकडे लटकतात.

दांडी उलटी करून धारेवरून बोट फिरवा. कड बोटाला जाणवली पाहिजे. किराणा दुकानातल्या तराजूत ती बहुतेक वेळा गोल झालेली सापडते. रोज मीठही त्यातच आणि गूळही त्यातच. मिठाने गंज चढायचा आणि गुळाच्या चिकट्यावर पिठाचा थर बसायचा. त्यात दर खंडेनवमीला आणि लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू वाहिलेलं असतं, तेही धारेच्या खोबणीत घट्ट होऊन बसतं. धार बोथट झाली की घर्षण वाढतं आणि पाच-दहा ग्रॅमच्या फरकाला काटा हलतच नाही.

तपासताना तराजू हातात धरू नका, पक्क्या खुंटीला टांगा. रिकामं पारडं थोडं खाली ओढून सोडा. काटा सावकाश दोन्हीकडे झुलून मध्ये यायला हवा. सोडाल तिथेच थांबला तर धार गेली किंवा दांडी वाकली असं समजा. मग वजन घालून तीच परीक्षा. पाच किलोचा तराजू असेल तर दोन्हीकडे पाच-पाच किलो ठेवून एका बाजूला चिमूटभर मीठ टाकत राहा आणि काटा कधी हलतो ते बघा. रिकामा असताना चपळ आणि भारानं मठ्ठ झालेले तराजू पुष्कळ असतात.

आता खरी गोम. रिकामी पारडी समतोल राहिली म्हणजे तराजू खरा, असं मुळीच नाही. मधल्या धारेपासून एक बाजू ३० सेंटीमीटर आणि दुसरी ३०.३ असेल, तर पारड्यांच्या वजनात फरक ठेवून रिकामा तराजू सरळ करता येतो. माल चढला की शंभराला एकाचा फरक पडतो, म्हणजे किलोमागे १० ग्रॅम. हे पकडायचं असेल तर एका पारड्यात किलोचं वजन आणि दुसऱ्यात बरोबरीची वाळू घ्या, मग वाळू आणि वजन यांची अदलाबदल करा. बाजू समान असतील तर काटा मध्येच राहील. वरच्या तराजूत तो सुमारे २० ग्रॅमच्या फरकाने एका अंगाला जाईल. अशा तराजूवरही नेमकं वजन काढता येतं. माल एका पारड्यात ठेवून समोर वाळूनं बरोबरी करा, माल उचला आणि त्याच पारड्यात वजनं रचा. माल आणि वजनं एकाच बाजूला तोलली गेली, की दांडीची खोड आड येत नाही.

पारड्याच्या बुडाशी शिसं, लाख किंवा एखादं नाणं चिकटवलेलं दिसलं तर लगेच लबाडी समजू नका. पारड्यांतला फरक भरून काढायला पासंग लागतोच. तो उघड दिसणारा आणि पक्का हवा. चिंचेचा गोळा बुडाला लावलेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी! उसाच्या हंगामात काटामारीवरून, म्हणजे ऊस कमी तोलण्यावरून, इकडे इतका आवाज होतो, पण तिचे लहान नमुने किराण्याच्या फळीवरही होतेच.

गोडं तेल घ्यायला गिऱ्हाईक घरचा डबा आणायचं, तेव्हा आधी रिकाम्या डब्याचा धडा व्हायचा. म्हणजे समोर डब्याच्या बरोबरीला खडे, जुने खिळे, जे हाताशी असेल ते, आणि मग त्याच पारड्यात वजनं. धडा करताना डब्याचं झाकण विसरलं तर तेवढं तेल कमी पडे. नऊशे ग्रॅमसाठी वजनं शोधत बसायचं नाही. एकीकडे किलो, मालाच्या बाजूला शंभरचं, झालं. मोठ्या यादीला पाच किलो साखर तोलून तीच पिशवी वजनाच्या पारड्यात टाकायची आणि पुढचे दहा काढायचे. ही युक्ती दांडी खोटी असेल तर चूक दर पायरीला वाढवत नेते. धान्याच्या पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन.

जुन्या वजनांत विचित्र आकडे निघतात. मेट्रिक वजनं १९५८च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीचा ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅम, अच्छेर ४६७, पावशेर २३३, छटाक ५८. इलेक्ट्रॉनिक काट्यावर ४५४ ग्रॅमच्या आसपास भरलं तर तो अच्छेर नाही, पौंड आहे. विकणारे दोन्ही एकाच नावाने खपवतात. गुजरीतल्या सराफी पेटीतलं तोळ्याचं वजन ११.६६ ग्रॅम भरतं, आजच्या बोलीतला तोळा मात्र १० ग्रॅमचा.

लोखंडी षटकोनी वजनाच्या बुडाला खड्डा असतो आणि त्यात शिसं ठोकलेलं. पडताळणीचा ठसा त्याच शिशावर असतो: तिमाहीचं ए, बी, सी, डी यांपैकी अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे. शिसं गेलेलं वजन हलकंच असणार. तारेच्या ब्रशने गंज खरवडला की वजन उतरतं, रंग दिला की चढतं. म्हणून नुसतं फडक्याने पुसून ठेवावं. पितळी वजनांना ब्रासो लावणाऱ्यांचं तर मला नवल वाटतं.

दांडीचा चिकटा कोमट पाण्याच्या फडक्याने निघतो, गंज रॉकेलने. धारेला पॉलिश पेपर लावू नका आणि तेल तर नकोच, कारण तेलावर धूळ धरते. शोभेला टांगायचा असेल तर एवढं पुरे. विक्रीला वापरायचा तर वैधमापन, म्हणजे सरकारी वजनमापे खात्याची, पडताळणी करून घ्यावी लागते. दांडीच्या तराजूला आणि वजनांना दर २४ महिन्यांनी, इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी.