बावन्न इंची

जुन्या धनुष्यांच्या जाहिराती चाळण्याचा ज्यांना नाद आहे, त्यांनी हा फोटो हमखास पाहिलेला असतो. अमेरिकेतलं कुठलंसं गॅरेज, कलत्या दुपारचं ऊन, गवतावर अंथरलेली चादर, आणि तिच्यावर एक देखणं आखूड रिकर्व्ह धनुष्य. दोरी मात्र उलटी चढवलेली.

रिकर्व्हची टोकं मुळात निशाणाच्या दिशेला वळलेली असतात. दोरी चढवताना पाती (मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग) त्या वळणाच्या विरुद्ध वाकवायची असतात. पण आजोबांच्या माळ्यावरून धनुष्य खाली काढणाऱ्या नातवाला हे कोण सांगणार? लाकूड आधीच एका बाजूला झुकलंय हे त्याला दिसतं. तो ते त्याच बाजूला आणखी वाकवतो, दोरी अडकवतो, फोटो काढतो आणि खाली लिहितो, ‘उत्तम स्थितीत, वापरायला तयार’. हे वाचलं की जाणकारांच्या पोटात गोळा येतो. फायबरग्लासचा जो थर दाब सोसायला बसवलेला असतो, त्याला अशाने ताण सोसावा लागतो. पाच मिनिटांत दोरी उतरवली असेल तर धनुष्य बहुधा वाचतं. तसंच दोन आठवडे भिंतीला टेकवून ठेवलं असेल, तर देवालाच माहीत.

तरीही अशी जाहिरात पाहून पुढे जाऊ नये. विकणाऱ्याला आपण काय विकतोय हे ठाऊक नाही, एवढाच तिचा अर्थ. त्यामुळे किंमत बहुतेक वेळा बरी असते.

हे पीक मुख्यतः साठ-सत्तरच्या दशकांतलं. फ्रेड बेअरचा कारखाना 1947 पासून मिशिगनमधल्या ग्रेलिंगला होता. 1978 मध्ये तो फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेला. आर्कान्सातल्या पाइन ब्लफला बेन पिअर्सन, मिशिगनच्याच कॅलामझूला मासेमारीचं सामान करणारी शेक्सपिअर कंपनी, तिकडे वॉशिंग्टन राज्यात डेमन हॉवट. शिकारीसाठी धनुष्य घेऊन रानात जाणारे तेव्हा घरोघरी होते. मग मिसुरीच्या होलिस विल्बर अ‍ॅलनने टोकांना चाकं बसवली, 1969 मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि कंपाउंड धनुष्य आलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही सगळी लाकडी मंडळी माळ्यावर गेली. साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळेने 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेतेपद मिळवलं ते याच चाकांच्या धनुष्याने, त्यामुळे अ‍ॅलनवर राग धरायची आपल्याला काही सोय नाही.

आखूड म्हणजे किती? ऑलिंपिकमधली रिकर्व्ह साधारण 66 ते 70 इंचांची असतात. बेअरचं कोडियाक मॅग्नम 52 इंचांचं, आणि सुपर मॅग्नम तर 48 इंचांचं. झुडपांतून वाकून जाताना अडकू नये, झाडावरच्या मचाणावर बसून वळवता यावं, म्हणून ही लांबी. हातात घेतलं की खेळण्यासारखं वाटतं आणि इथेच माणूस फसतो. आखूड धनुष्य पूर्ण ओढलं की दोरीचा कोन बोटांपाशी फार टोकदार होतो, तीन बोटं एकमेकांवर चेपली जातात. शेवटच्या दोन इंचांत ओढायचं वजनही एकदम वाढतं, कारण टोकाशी दोरी आणि पातं जवळजवळ काटकोनात येतात आणि पात्याची तरफ संपते. लांब धनुष्यात एका इंचाला अडीच-तीन पौंड वाढतात. इथे शेवटचा इंच त्याहून बराच जास्त घेतो.

आता एक आनंदाची बाब. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि अडीचने भागायचं. येतो तो आपला अंदाजे ड्रॉ, म्हणजे दोरी आपण जिथवर ओढतो ती लांबी. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचा तो साडेसव्वीस इंचांच्या आसपास निघतो. धनुष्यावरचा पौंडांचा आकडा मात्र 28 इंचांवर मोजलेला असतो. म्हणजे 45 लिहिलेलं धनुष्य आपल्या हातात चाळिशीच्या थोडंच वर भरेल, आणि जिथे ते ताठरायला लागतं त्याच्या अलीकडेच आपला हात गालाशी टेकलेला असेल. सहाफुटी अमेरिकन गडी 52 इंची धनुष्याला शिव्या घालतात. आपल्या सरासरी मराठी बांध्याला ते मापाने शिवल्यासारखं बसतं.

पौंडांच्या बाबतीत हौसेला मोल नसतं हे खरं, पण 50 पौंड म्हणजे विमानात चालणारी भरगच्च 23 किलोची बॅग, तीन बोटांनी उचलून गालापाशी धरायची. पहिल्या जुन्या धनुष्यासाठी 35 ते 40 पुरे. बॅग तोलायचा आकडीचा काटा परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात असतोच. तो दोरीच्या मध्याला अडकवून ओढायचं, म्हणजे खरं वजन कळतं. ड्रॉ मोजताना मुठीच्या सर्वांत खोल जागेपासून दोरीपर्यंत मोजून त्यात पावणेदोन इंच मिळवायचे. छापलेला आकडा आणि काट्याचा आकडा यांत दोन-तीन पौंडांचा फरक सहज निघतो. जुन्या पात्यांनी थोडी ताकद सोडलेली असते, त्यात नवल नाही.

पात्यावरची अक्षरं नीट वाचायला शिकावं. बेअरच्या पुष्कळ धनुष्यांवर पेटंटच्या ओळीत ‘कॅनडा 1953’ असं छापलेलं असतं. विकणारा ते पाहतो आणि ‘1953 चं दुर्मीळ धनुष्य’ म्हणून किंमत लावतो. ते साल पेटंटचं आहे, धनुष्याचं नाही. सत्तरच्या दशकातल्या मालावरही ते सापडतं. मुठीच्या वर बसवलेलं गोल नाणं जास्त प्रामाणिक. 1972 पर्यंत ते लाकडाच्या सपाटीला असायचं, नंतर उंचवट्याचं आलं. बोट फिरवलं की कळतं. आणि डावं-उजवं? उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचं धनुष्य डाव्या हातात धरलं जातं, म्हणून निम्मे विकणारे त्याला डावखुऱ्याचं म्हणतात. धनुष्य आपल्या डाव्या हातात, दोरी आपल्याकडे. बाण टेकायचा कट्टा मुठीच्या डाव्या बाजूला दिसला तर ते उजव्यांचं. खात्री हवी तर त्या बाजूचा फोटो मागवावा.

फोटोंचंच बोलायचं तर विकणारे हटकून मुठीचा काढतात. पॉलिश केलेलं लाकूड, त्यातल्या रेघा, नाणं. मुठीला सहसा काही होत नाही. धनुष्य मरतं ते पात्यांत. म्हणून मागवायचे ते फोटो कंटाळवाणे असतात: दोन्ही टोकांच्या खाचा जवळून, पात्यांच्या कडा बाजूने, पातं जिथे रायझरमध्ये (मुठीच्या मधल्या जाड भागात) विरत जातं ती जागा, आणि दोरी (सुलटी!) चढवून एका टोकाकडून दुसऱ्याकडे पाहिलेला एक. या शेवटच्या फोटोत दोरी पात्याच्या बरोबर मधून गेलेली दिसली पाहिजे. टोकाशी ती एका कडेला सरकली असेल तर पातं पिळलंय. पाय मधून घालून, मांडीवर धनुष्य वाकवून दोरी चढवायची जुनी सवय हे त्याचं मुख्य कारण. वर्षानुवर्षं कोपऱ्यात खालच्या टोकावर उभं ठेवणं हे दुसरं. पीळ थोडा असेल तर दोरी चढवून पातं हाताने उलट दिशेला पिळून धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. चार-सहा दिवसांत बरंच जागेवर येतं. खाचेतून दोरी सटकण्याइतका पीळ असेल तर नाद सोडावा.

धनुष्य हातात आलं की कापसाचा बोळा घ्यायचा आणि पात्यांच्या कडांवरून ओढत न्यायचा. कुठे धागा अडकला तर तिथे फायबरग्लास उचकटलंय. मग नख. वरच्या वॉर्निशला पडलेल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा नखाला लागत नाहीत, त्या वयाच्या आहेत, सोडून द्याव्यात. पात्याच्या लांबीने जाणाऱ्या बारीक रेघा साठच्या दशकातल्या मालात पुष्कळदा दिसतात आणि त्या तशाच राहून धनुष्यं आजही चालतात. आडवी रेघ नखाला लागली, की पैसे परत खिशात. शेवटी व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा थरांच्या जोडावर टेकवून पाहायचा. तो आत शिरला तर डिंक सुटलाय. हे पाप बहुतेक वेळा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीने केलेलं असतं.

रायझरमध्ये कुणी हौशीने नेम धरायच्या साइटसाठी, बाणांच्या भात्यासाठी भोकं पाडलेली असतात. संग्राहक त्यावर नाकं मुरडतात. नेम धरणाऱ्याने त्याचा फायदा घेऊन भाव पाडावा. खिडकीच्या, म्हणजे बाणासाठी कापलेल्या जागेच्या, सर्वांत पातळ भागात मोठं भोक असेल तेवढं टाळावं.

दोरी नवीच घ्यायची, आणि डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टर धाग्याची. आजच्या धनुष्यांवर डायनीमाच्या दोऱ्या असतात. त्या ताणल्या जात नाहीत, म्हणून बाण वेगाने जातो. पण जुन्या टोकांना तो झटका सोसायला मजबुती दिलेली नसते आणि बारीक दोरी खाच कापत जाते. डेक्रॉन थोडं ताणतं, झटका गिळतं. 35 ते 45 पौंडांना 12 पदरी, त्यावर 55 पर्यंत 14 पदरी. 52 इंची धनुष्याला दोरी प्रत्यक्षात 48 इंचांच्या आसपास लागते. मागवताना मात्र धनुष्याची लांबी सांगायची. लांबी छापलेली पुसली असेल तर खाचेपासून खाचेपर्यंत टेप पात्याच्या वळणावरून फिरवून मोजायची. सरळ मोजणारे चार-पाच इंच हरवतात आणि मग त्यांची दोरी चढतच नाही. चढवताना स्ट्रिंगर वापरावा, दोन टोप्या आणि एक नायलॉनचा पट्टा, फार पैसे पडत नाहीत. मुठीपासून दोरीचं अंतर साडेसात ते साडेआठ इंच ठेवावं, कमी भरलं तर दोरी उतरवून तिचा पीळ वाढवावा.

नंतर लगेच बाण लावायचा मोह होतो. चाळीसेक वर्षं माळ्यावर पडलेल्या वस्तूला एवढी घाई सोसत नाही. दोरी चढवून तासभर तसंच ठेवायचं. मग डोळ्यांना चष्मा लावून दहा इंच ओढायचं आणि हळूच परत आणायचं. मग पंधरा, मग वीस. खोली शांत हवी. बारीक ‘टिक’ असा आवाज आला तर तिथेच थांबायचं, तो डिंक बोलतोय. पातं फुटतं ते बहुधा पूर्ण ओढलेलं असताना, आणि तेव्हा चेहरा दोरीपासून वीतभर अंतरावरही नसतो.

आवाज आलेलं धनुष्य दिवाणखान्यात टांगायला छान दिसतं. फक्त दोरी काढून टांगावं, आणि हात पोहोचणार नाही इतकं उंच. घरी आलेला कुणीतरी पाहुणा ते खाली काढतो, दोरी चढवायला सांगतो, बाणाशिवाय ओढतो आणि सोडून देतो. मग धड असलेलं धनुष्यही उरत नाही.