ओढ वेगळी, गोडी वेगळी

व्याख्यान संपल्यावर माझ्याकडे ज्या निनावी चिठ्ठ्या येतात, त्यांत एक प्रश्न हमखास असतो: डोपामिन हे मेंदूतले सुखाचे रसायन असेल, तर ते वाढवून कामसुख वाढवता येणार नाही का? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एक मनोविकारतज्ज्ञ या नात्याने सांगतो की प्रश्नातले गृहीतकच कच्चे आहे.

१९५४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. कळ दाबली की विजेचा सौम्य प्रवाह मिळे आणि उंदीर ती कळ दाबतच राहत. मेंदूतले सुखाचे ठिकाण सापडले असा समज त्यातून पसरला आणि पुढे सुखाचे श्रेय डोपामिनच्या पदरात पडले. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांच्या प्रयोगांनी या समजाला धक्का दिला. मेंदूतले डोपामिन जवळजवळ नष्ट झालेला उंदीर समोरच्या अन्नाला तोंड लावत नाही, भरवले नाही तर उपाशी मरतो. पण त्याच्या तोंडात साखरपाण्याचा थेंब सोडला, की तो पूर्वीसारखेच ओठ चाटतो. ओढ गेली, गोडी शाबूत राहिली. ही गोडी बऱ्याच अंशी मेंदूतच तयार होणाऱ्या अफूसदृश रसायनांवर अवलंबून असते.

माणसांतही हा भेद दिसतो. कंपवाताच्या काही रुग्णांत डोपामिनसारखे काम करणाऱ्या औषधांमुळे कामेच्छा इतकी अनावर होते की घरचे हवालदिल होतात, आणि इच्छा वाढली म्हणून तृप्ती वाढतेच असे नाही. याउलट, नैराश्यावरच्या, सेरोटोनिन हे मेंदूतले दुसरे रसायन वाढवणाऱ्या गोळ्यांनी अनेकांची कामपूर्ती लांबते किंवा होतच नाही. कामपूर्तीनंतर रक्तातले प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तासाभराहून अधिक काळ चढलेले असते, हे स्वाभाविकच आहे. मात्र रिस्पेरिडोनसारखे मनोविकारावरचे औषध ते सतत चढे ठेवू शकते आणि मग इच्छाच मावळते.

रुग्ण हे आपणहून क्वचितच बोलतो. औषधांचा कागद घडी करून खिशात घालतो, दारापर्यंत जातो आणि दाराची मूठ धरून म्हणतो, "डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं." त्यामुळे हल्ली मीच आधी विचारतो. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. गोळी परस्पर बंद केली तर आजार उलटण्याचा धोका असतो. तेव्हा डोपामिन वाढवणारी म्हणून विकली जाणारी भुकटी घेण्याऐवजी चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा, रक्तदाबाच्या गोळ्यांसकट.