चित्र आधी, मजकूर नंतर: अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास घरी शिकवताना

नोव्हेंबरच्या मध्यावर अमेरिकेतल्या सार्वजनिक वाचनालयात गेलात, तर मुलांच्या विभागातलं थँक्सगिव्हिंगचं शेल्फ बहुधा रिकामं दिसेल. म्हणून पहिली सूचना तारखेची: मेफ्लॉवर जहाज, त्यातून आलेल्या इंग्रजांनी वसवलेलं प्लिमथ आणि तिथले मूलनिवासी वाम्पानोआग या विषयांची चित्रपुस्तकं हवी असतील, तर सप्टेंबर संपायच्या आत होल्ड टाका, म्हणजे पुस्तकं राखून ठेवायला सांगा. दुसरी अडचण अशी, की एकाच विषयाची पुस्तकं पाच-सहा ठिकाणी विखुरलेली असतात. गोष्टीरूप चित्रपुस्तकं 'ई' विभागात लेखकाच्या आडनावाने लावतात, बाकीची ड्यूई वर्गीकरणाच्या आकड्यांप्रमाणे: वसाहतकाळ ९७३.२ ला, क्रांतियुद्ध ९७३.३ ला, मॅसॅच्युसेट्स ९७४.४ ला, सण ३९४.२ ला, आणि चरित्रं वेगळ्याच रांगेत. शेल्फ चाळत बसू नका. कॅटलॉगमध्ये विषयानुसार शोधा आणि यादी घेऊनच जा.

यादी लहान ठेवा. पाच ते नऊ वर्षांच्या मुलासाठी वर्षभरात पाच प्रसंग पुरतात: व्हर्जिनियातली इंग्रज वसाहत जेम्सटाउन (१६०७ आणि १६१९), प्लिमथ (१६२०-२१), बॉस्टन (१७७० ते १७७५), स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि युद्ध, आणि १७८७ ची राज्यघटना. प्रत्येक प्रसंगाची दोन पुस्तकं घ्यायची, एक जुनं आणि एक गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं. एकाच पुस्तकावर भागवलं, की मूल ते चित्र म्हणजेच घडलेली गोष्ट समजतं. दोन पुस्तकांतली चित्रं जुळत नाहीत हे दिसलं, की प्रश्न त्याचे तोच विचारायला लागतं.

मुलाच्या हातात देण्याआधी पुस्तक आपण चाळायचं. चित्रपुस्तकं साधारण ३२ पानांची असतात, त्यामुळे दहा मिनिटं पुष्कळ झाली. आधी कॉपीराइटचं साल बघा, मग शेवटची लेखकाची टीप वाचा. कुठलं संभाषण कल्पित आहे आणि काय कागदोपत्री आहे, हे चांगला लेखक तिथे सांगतो. टीपच नसेल तर पुस्तक गोष्ट म्हणून वाचा. त्यानंतर फक्त चित्रं. प्लिमथच्या पुस्तकात टोकदार तंबू किंवा गरुडाच्या पिसांचा मोठा मुकुट दिसला, तर चित्रकाराने शेकडो मैल पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशातल्या लोकांची वेशभूषा पूर्व किनाऱ्यावर आणून ठेवली आहे. वाम्पानोआग लोकांचं घर म्हणजे वाकवलेल्या खांबांवर सालींचं किंवा चटयांचं आच्छादन असलेलं, वरून गोलसर 'वेटू'. काळे कपडे आणि टोपीवर चकचकीत बकल हीसुद्धा नंतरच्या चित्रकारांची देणगी. अशी पुस्तकं परत करायची गरज नाही, चुका शोधण्याच्या खेळाला ती फार उपयोगी पडतात. आणि जुन्या पुस्तकात 'इंडियन' आलं, की वाचतानाच 'वाम्पानोआग' किंवा (जेम्सटाउनच्या पुस्तकात) 'पोव्हॅटन' म्हणा. मराठी घरातल्या पाच वर्षांच्या मुलाला ती माणसं आजोबांच्या गावची वाटतात.

प्लिमथवर जास्त वेळ द्यावा. शाळेत तो भाग हमखास येतो आणि चित्रांतली गडबडही तिथेच सर्वांत जास्त असते. सुरुवात जहाजापासून करा. मेफ्लॉवरची प्लिमथला ठेवलेली प्रतिकृती १०६ फूट लांब आणि सुमारे २५ फूट रुंद आहे. बागेत मोठ्या माणसाने लांबीला ४२ आणि रुंदीला १० पावलं टाकून चारी कोपऱ्यांत दगड ठेवायचे. या मापात १०२ प्रवासी, शिवाय खलाशी, ६६ दिवस. प्रवासी राहायचे त्या मजल्याची उंची साडेपाच फुटांच्या आसपास होती, म्हणजे बाबांना मान वाकवूनच चालावं लागलं असतं. पुस्तकातलं जहाज बहुतेक वेळा बाहेरून, शिडं फुगलेलं दाखवतात. आतला भाग दाखवणारं पुस्तक मिळालं तर तेच घ्या.

मग १६२१ च्या जेवणाचं, म्हणजे 'पहिल्या थँक्सगिव्हिंग'चं चित्र. त्या प्रसंगाचं प्रत्यक्षदर्शी वर्णन म्हणजे प्लिमथच्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रातला एक छोटा परिच्छेद: पीक आलं, चार माणसं पक्षी मारायला गेली, वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसं घेऊन आला, तीन दिवस मेजवानी चालली, पाहुण्यांनी पाच हरणं आणली. पहिल्या हिवाळ्यात निम्मे प्रवासी दगावले होते, तेव्हा इंग्रज उरले होते पन्नासच्या आसपास. आता मुलाला चित्रातली माणसं मोजायला सांगा. कितीतरी पुस्तकांत प्रमाण उलटं असतं: टेबलाभोवती इंग्रजांची गर्दी आणि कडेला तीन-चार वाम्पानोआग. मोजून झालं, की खरे आकडे सांगायचे. आधी सांगितलेत तर मूल मोजणारच नाही.

इंग्रजांचा वाम्पानोआग दुभाषी तिस्क्वांटम (पुस्तकांत 'स्क्वांटो') पानावर आला की थांबा आणि एकच प्रश्न विचारा: याला इंग्रजी कुठून येतं? पुष्कळ पुस्तकं हे गाळतात. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून तो लंडनला पोचला आणि १६१९ मध्ये परतला, तोवर त्याचं पॅटक्सेट गाव साथीच्या रोगाने ओस पडलं होतं. प्लिमथ वसलं ते त्याच जागी. पाच वर्षांच्या मुलाला "त्याला पळवून नेलं होतं, परत आला तेव्हा घरचं कुणी उरलं नव्हतं" एवढं पुरे. आठ वर्षांचं मूल साथ कुठून आली हे विचारतं, आणि युरोपीय जहाजांबरोबर आली हे त्याला सांगायला हरकत नाही. जोडीचं दुसरं पुस्तक म्हणून 'कीपूनुमुक' (२०२२) घ्या. लेखकांपैकी डॅनिएल ग्रीनडिअर मॅशपी वाम्पानोआग आहेत आणि गोष्टीच्या मध्यभागी मका आहे.

बॉस्टनच्या भागात एक चित्र पुस्तकाबाहेरचं आणा: ५ मार्च १७७० ला इंग्रज सैनिकांनी बॉस्टनच्या जमावावर केलेल्या गोळीबाराचं, तिथला चांदीकाम करणारा कारागीर पॉल रिव्हिअर याचं कोरीव चित्र. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. ११ बाय १७ इंच कागदावर छापा, कारण छोट्या प्रतीत तपशील हरवतात. शीर्षक झाकून विचारा: सैनिक कसे उभे आहेत? हुकूम कोण देतंय? आकाशाचा रंग कोणता? इमारतीवरच्या पाटीवर काय लिहिलंय? सैनिक कवायतीसारखे एका रांगेत आहेत, मागे कप्तानाने तलवार उचलली आहे, जकात कचेरीवर 'बुचर्स हॉल' म्हणजे खाटीकखाना अशी पाटी आहे. प्रत्यक्षात बर्फ पडलेल्या रात्री नऊच्या सुमाराला झालेला गोंधळ होता तो. पाच माणसं मेली, त्यांत क्रिस्पस अ‍ॅटक्स हा आफ्रिकी आणि मूलनिवासी वंशाचा खलाशी होता. चित्रात तो ओळखू येत नाही. मूळ रचनाही रिव्हिअरची नव्हे, हेन्री पेलहॅमची. खटल्यात सैनिकांची बाजू वकील जॉन अ‍ॅडम्सने मांडली आणि आठांपैकी सहाजण सुटले. चित्र कुणाच्या बाजूने काढलंय, हा प्रश्न सहा वर्षांचं मूलही नीट हाताळतं.

इंग्रज फौज येतेय हे सांगायला १७७५ मध्ये रात्री केलेल्या रिव्हिअरच्या घोडदौडीची पुस्तकं बरीचशी लाँगफेलोच्या १८६० च्या कवितेवर उभी आहेत. कविता मोठ्याने वाचावी अशीच आहे, लय घोड्याचीच. नंतर नकाशावर बोटाने मार्ग काढा: चार्ल्सटाउन, मेडफर्ड, लेक्सिंग्टन. कॉन्कर्डच्या अलीकडे बोट थांबवा, कारण रिव्हिअर तिथे पकडला गेला. कॉन्कर्डला पोचला तो सॅम्युअल प्रेस्कॉट, ज्याचं नाव कवितेत नाही. कवितेतला चर्चवरच्या कंदिलांचा इशाराही रिव्हिअरसाठी नव्हता, त्यानेच तो पलीकडच्या काठावरच्या माणसांसाठी लावून घेतला होता. बॉस्टनच्या बंदरात फेकलेल्या चहाच्या ३४२ पेट्यांचा प्रसंग मुलांना आवडतोच. त्यात एवढंच सांगा, की चहा चीनचा होता आणि मालक आपल्या ओळखीची ईस्ट इंडिया कंपनी.

हे प्रसंग एकमेकांशी जोडायला कालरेषा लागते. कागदाची गुंडाळी घ्या आणि एका वर्षाला एक सेंटिमीटर धरा. १४९० ते १८०० म्हणजे ३ मीटर १० सेंमी. १६०० पासून सुरू केलीत, तर कोलंबस आणि जेम्सटाउन यांच्यामधली ११५ वर्षं दिसत नाहीत आणि मुलं दोन्ही जवळजवळ चिकटवतात. त्या रिकाम्या जागेत १५६५ चं स्पॅनिश सेंट ऑगस्टीन लिहा. डावीकडे बाण काढून सांगा, की वाम्पानोआग इथे १२,००० वर्षांपासून आहेत, म्हणजे याच मापाने पट्टी १२० मीटर मागे, घराबाहेर रस्त्यावर जाईल. रेषेखाली मराठी रांग ठेवा. १६३०: वर बॉस्टनची स्थापना, खाली शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म. १६७४ ला राज्याभिषेक, १६७५ ला वर वाम्पानोआग प्रमुख मेटाकॉमचं इंग्रजांशी युद्ध. १७७३: ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून, डिसेंबरमध्ये बॉस्टनच्या बंदरात चहा. १७८१ ला यॉर्कटाउनला शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात येतो आणि टिपूविरुद्ध मराठ्यांशी हातमिळवणी करतो. नातवाला पुस्तक वाचून दाखवणाऱ्या आजीला ही खालची रांग फार उपयोगी पडते.

वॉशिंग्टनबद्दल सावध राहा. लहानपणी चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवून खरं सांगितल्याची गोष्ट चरित्रकार मेसन वीम्सने १८०६ च्या आवृत्तीत घातली. डेलावेअर नदी ओलांडतानाचं प्रसिद्ध चित्र १८५१ चं आहे, आणि त्यातला तारे-पट्ट्यांचा झेंडा १७७६ च्या नाताळात अस्तित्वातच नव्हता, तो जून १७७७ चा. यापेक्षा मोठी चूक म्हणजे हसतमुख गुलाम. २०१६ च्या जानेवारीत स्कोलॅस्टिक या प्रकाशनाने 'अ बर्थडे केक फॉर जॉर्ज वॉशिंग्टन' हे पुस्तक याच आक्षेपामुळे बाजारातून मागे घेतलं. त्यातला आचारी हर्क्युलिस खरा माणूस होता, आणि २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, वॉशिंग्टनच्या पासष्टाव्या वाढदिवशीच, तो वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यावरून निसटला. त्याआधी मे १७९६ मध्ये वॉशिंग्टनच्याच घरातली गुलाम ओना जज फिलाडेल्फियाहून पळाली होती. लहानांशी बोलताना कर्ता गाळू नका: "त्यांना गुलाम केलं होतं" यापेक्षा "वॉशिंग्टनने त्यांना गुलाम म्हणून ठेवलं होतं" हे नेमकं आहे.

हाताने करायच्या गोष्टींत मक्याची लापशी सर्वांत सोपी. एक कप जाडसर मक्याचं पीठ एक कप गार पाण्यात कालवा, मग उकळत्या तीन कप पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ओता. मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं ढवळत शिजवा. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं, की गुठळ्या ठरलेल्याच. भारतीय दुकानातलं कॉर्नफ्लोअर चालत नाही, तो नुसता स्टार्च असतो. वरून मोलॅसिस, नाहीतर काकवी. मोलॅसिस न्यू इंग्लंडमध्ये यायचा तो कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या कष्टाच्या उसातून, हे वाढतानाच सांगून टाका.

राज्यघटना चित्रपुस्तकात रंगत नाही. ५५ प्रतिनिधी, खिडक्या बंद, फिलाडेल्फियाचा उन्हाळा, आणि पानापानावर खुर्चीत बसलेली माणसं. वयाच्या आठव्या वर्षाआधी हा भाग नको. नवव्या वर्षी अपूर्णांक आले, की तीन-पंचमांशाची तडजोड गणित म्हणून घाला: प्रतिनिधींची संख्या ठरवताना दर पाच गुलामांमागे तीन माणसं मोजायची, मत एकालाही नाही. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते, त्यांचे मोजले जाणार १९०. हे उदाहरण वहीत सोडवून घ्या आणि त्या आठवड्यात दुसरं पुस्तक काढू नका.