न्यूट्रल सुटला त्या संध्याकाळी

डिसेंबरात नागपुरात कॉलेजांचे कार्यक्रम आणि विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन एकाच वेळी येतात. चांगले बिछायतवाले आणि चांगले जनरेटर तिकडे गुंतलेले असतात. कॉलेजच्या वाट्याला येतं ते उरलेलं. त्या दिवशी आमच्याकडे सकाळी सभागृहात चर्चासत्र होतं आणि संध्याकाळी मैदानावर स्नेहसंमेलन. दोन्हीकडची वीज माझ्याकडे होती.

सकाळी अडचण आली ती नेहमीचीच. पहिल्या वक्त्यांचा लॅपटॉप जोडला आणि स्पीकरमधून एकसारखी घूंऽऽ सुरू झाली. चार्जरची पिन काढली की आवाज बंद, लावली की परत सुरू. चार्जर पोडियमजवळच्या सॉकेटला होता आणि मिक्सर सभागृहाच्या मागच्या बोर्डाला. दोन सॉकेटच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला तरी त्यामुळे ऑडिओ केबलच्या जाळीतून करंट वाहतो आणि गुणगुण ऐकू येते. मिक्सरच्याच बोर्डावरून पोडियमपर्यंत एक्स्टेन्शन ओढलं आणि प्रश्न संपला. काही जण अशा वेळी प्लगची अर्थची पिनच तोडतात. आवाज थांबतो, पण पुढे लोखंडी पोडियमला हात लावणाऱ्याचं रक्षण करणारं काही उरत नाही.

संध्याकाळचा सगळा लोड भाड्याच्या जनरेटरवर होता. त्याची केबल चेंजओव्हर स्विचमध्ये (कॉलेजची वीज की जनरेटर, ते निवडणारा स्विच) येत होती आणि तिथून वितरण पेटीत. केबलमध्ये वीज आणणाऱ्या तीन तारा म्हणजे आर, वाय, बी हे तीन फेज, आणि चौथी, परतीची तार म्हणजे न्यूट्रल. आर फेजवर साउंड आणि ग्रीनरूम, वाय फेजवर स्टेजचे १००० वॅटचे हॅलोजन, बी फेजवर मंडपाचे दिवे आणि खाण्याचे स्टॉल. चार वाजता मी टेस्टर लावून तिन्ही फेज पाहिले, थोडे दिवे लावून पाहिले. सगळं ठीक वाटलं. माझी चूक तिथेच झाली. टेस्टर फेज दाखवतो, न्यूट्रल कसा आहे ते दाखवत नाही. आणि थोड्या लोडवर कच्चा जोडही धकून जातो.

सव्वासातला समूहनृत्य सुरू होतं. समोर हजाराच्या वर मुलं. हॅलोजन हळूहळू पिवळे पडले. कोणालाही वाटलं असतं की जनरेटर दमला. तेवढ्यात ग्रीनरूममधून एक स्वयंसेवक पळत आला. "काका, आतले लाइट लयच चमकून राहिले, पंखाही जोरात फिरून राहिला!"

एकीकडचे दिवे मंद आणि त्याच वेळी दुसरीकडचे जास्त तेज, ही न्यूट्रल सुटल्याचीच खूण. जनरेटर दमला असता तर सगळेच मंद झाले असते. पेटीवर मल्टीमीटर लावला : न्यूट्रलपासून आर ३०० व्होल्ट, वाय १८५, बी २५०. फेज-फेजमधले ४१५ मात्र जागच्या जागी. न्यूट्रल असतो तोवर प्रत्येक फेजला आपापले २४० व्होल्ट मिळतात. तो तुटला की तिन्ही फेजचा लोड एकमेकांतच अडकतो. ज्या फेजवर जास्त लोड तिथे व्होल्टेज घसरतं, ज्यावर कमी तिथे चढतं. साउंडचा लोड सगळ्यांत कमी, म्हणून सगळ्यांत जास्त व्होल्टेज त्याच्याच माथी. अशा वेळी एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट तेवढा वाढलेला नसतो. आरसीसीबीही (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच) पडत नाही. हाताने बंद करणं एवढाच उपाय.

मी मेन पाडला. मैदान काळोखात गेलं. मुलं ओरडली, पण बॅटरीवरचे दोन दिवे स्टेजच्या दोन्ही बाजूंना होते आणि राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं फाटकांवर उभी होती. मॅडमनी बॅटरीच्या भोंग्यावरून सांगितलं, "जागेवरच बसा, अर्धा तास लागेल." मुलं बसली. या दोन दिव्यांसाठी आणि भोंग्यासाठी मी दरवर्षी आग्रह धरतो, आणि पुढेही धरणार.

जनरेटर बंद करून, मीटरने शून्य पाहून, चेंजओव्हर उघडला. जळक्या बेकेलाइटचा वास आलाच. न्यूट्रलच्या टोकाला लग (तार बोल्टाखाली नीट बसवणारी धातूची टोपी) नव्हता. ॲल्युमिनियमच्या तारा नुसत्या वाकवून बोल्टाखाली दाबल्या होत्या. अर्ध्या तारा काळ्या पडून ठिसूळ झालेल्या, बोल्ट बोटाने फिरत होता. ॲल्युमिनियम तापलं की फुगतं, निवलं की आखडतं, आणि दर वेळी बोल्ट थोडा सैल होतो. त्यात केबल साडेतीन कोअरची, म्हणजे न्यूट्रल अर्ध्या जाडीचा. लोड तिन्ही फेजवर सारखा वाटला तर न्यूट्रलमधून फारसं काही जात नाही, हे हॅलोजनपुरतं खरं आहे. एलईडी आणि ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायचे तिसऱ्या हार्मोनिकचे, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या तिप्पट वेगाचे, करंट मात्र न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत नाहीत, त्यांची बेरीज होते. अशा मंडपाला पूर्ण जाडीची चार कोअर केबलच हवी.

चेंजओव्हरचा न्यूट्रलचा पोल जळाला होता, म्हणून तो स्विचच बाजूला काढला. कॉलेजच्या मेनकडून येणारी केबल पॅनेलरूममध्ये सोडवून ठेवली, म्हणजे दोन सप्लाय भिडण्याची शक्यता उरली नाही. जनरेटरची केबल काळी तार छाटून, चारही टोकांना लग क्रिम्प करून (दाबून घट्ट बसवून), सरळ वितरण पेटीत घेतली. चार हॅलोजन वायवरून आरवर नेले. मग सगळे एमसीबी खाली, जनरेटर सुरू, तिन्हीकडे २४०. आधी हॅलोजन, मग स्टॉल, दर टप्प्याला मीटर. साउंड सर्वांत शेवटी.

चाळीस मिनिटं गेली. वायरलेस माइकच्या दोन रिसीव्हरचे अडॅप्टर जळाले होते. वायरवाले माइक लावून कार्यक्रम दहाच्या आत आटोपला. जनरेटरवाला म्हणाला, "भाऊ, आतापर्यंत कधी असं झालं नव्हतं." त्याच्या त्या जोडावर आधी एवढा लोड आलाच नसेल.

आता आमच्याकडे मैदानावरचा कार्यक्रम असला की मंडप लागल्यावर दुपारीच सगळे दिवे आणि साउंड एकत्र तासभर चालवतो. चालू लोडवर प्रत्येक फेज ते न्यूट्रल मोजतो, आणि न्यूट्रल ते अर्थही. हा दुसरा आकडा दोन-तीन व्होल्टच्या वर गेला की सप्लाय बंद करून जोड उघडतो. तासाभरानंतर सप्लाय बंद ठेवून बोल्ट पुन्हा आवळतो. पेटीत जास्त-कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारा रिलेही बसवला आहे. डिसेंबरात रात्री दव पडतं, म्हणून जमिनीवरचे प्लग-सॉकेट विटांवर चढवून वरून प्लास्टिक घालतो.

ती काळी तार पॅनेलरूमच्या ड्रॉवरमध्ये आहे. नवीन स्वयंसेवक आले की आधी त्यांच्या हातात देतो. बोटांत धरून जरा वाकवली की तुटते.